कॅपुचिनो, बोर्बन आणि जहांगीराबादचं चर्च

मराठी माणसाचं भोपाळशी नातं जुनं आहे, पण ते बहुतेक वेळा लढाईचं नाहीतर नोकरीचं. १७३७च्या डिसेंबरात थोरल्या बाजीरावांनी निजामाला इथेच कोंडलं आणि पुढच्या जानेवारीत जवळच्या दुराह्याला तह करायला लावला. १ नोव्हेंबर १९५६ला मध्य प्रदेशाची नव्यानं मांडणी झाली, राजधानी नागपूरहून भोपाळला हलली आणि सचिवालयाच्या फायलींपाठोपाठ कितीतरी देशपांडे, जोशी, वानखेडे बिऱ्हाडं बांधून इकडे आले. १९८४ची ती वायुगळतीची रात्र तर सगळ्या जगाला ठाऊक आहे. तो विषय वेगळा, या लेखाच्या सुरात न बसणारा.

पण भोपाळ आणि फ्रान्सचं राजघराणं? ‘को खाँ, क्या बात कर रिये हो!’ असं खुद्द भोपाळीही म्हणेल. छोट्या तलावाच्या पलीकडे जहांगीराबादेत एक कॅथलिक चर्च आहे, असिसीच्या संत फ्रान्सिसचं. आज ते भोपाळच्या आर्चबिशपांचं कॅथेड्रल. ते कुणी बांधलं, या साध्या प्रश्नाचं उत्तर शोधायला निघालं की वाटेत मारामारी, चाचे, अकबर, नळराजाचं गाव, नागपूरकर भोसले, एक पिस्तूल, एक बिस्कीट आणि एक जर्मन गाव लागतं. आता क्रमानं घेऊ. जमेल तेवढ्या क्रमानं.

खून करून पळालेला राजपुत्र

घराण्यात चालत आलेली कथा अशी. जाँ फिलीप द बोर्बन नावाच्या फ्रेंच सरदारपुत्राच्या हातून द्वंद्वयुद्धात एक बडं धेंड मेलं. मायदेशी राहणं धोक्याचं म्हणून हा समुद्रमार्गे निसटला, चाच्यांच्या तावडीत सापडला, इजिप्तला पोचला, तिथून हबसाणात आणि शेवटी हिंदुस्थानच्या किनाऱ्याला लागला. १५६०च्या आसपास तो अकबराच्या दरबारात हजर झाला. अकबर तेव्हा जेमतेम अठरा वर्षांचा. त्यानं या गोऱ्या पाहुण्याला ठेवून घेतलं, मान दिला, जमीन दिली. पुढच्या पिढ्यांकडे म्हणे शाही जनानखान्याच्या बंदोबस्ताचं काम आलं.

पटकथा म्हणून पाहिलं तर यात काही म्हणजे काही कमी नाही. इतिहास म्हणून पाहिलं तर थोडं जपून. फ्रान्सच्या बाजूनं या प्रवासाला कागदाचा भक्कम आधार मिळालेला नाही, आणि कथेच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत नाती आणि सालं इकडची तिकडे होतात. मात्र अठराव्या शतकाच्या अखेरीपासून हे घराणं भोपाळात स्पष्ट दिसू लागतं, आणि तिथून पुढची हकिगत मुळीच ऐकीव नाही.

पोपवर चालून गेलेला कॉन्स्टेबल

हा जाँ फिलीप कुणाचा कोण? कुणी त्याला ड्यूक ऑफ बोर्बन तिसऱ्या चार्ल्सचा पुतण्या म्हणतं, कुणी मुलगा. हा चार्ल्स फ्रान्सचा कॉन्स्टेबल होता. म्हणजे चौकीवरचा नव्हे, राज्याचा सरसेनापती. राजाशी बिनसलं म्हणून तो थेट शत्रूला जाऊन मिळाला आणि ६ मे १५२७ला पगार थकलेलं, खवळलेलं सैन्य घेऊन रोमवर चालून गेला. पोप सातवा क्लेमेंट किल्ल्यात लपला. पोपच्या रक्षणासाठी त्या दिवशी १४७ स्विस शिपाई पडले. आजही व्हॅटिकनच्या स्विस गार्डात भरती होणारे जवान ६ मे या तारखेलाच शपथ घेतात, ते त्यांच्या स्मरणार्थ.

चार्ल्स स्वतः मात्र तटावर शिडी लावताना पहिल्याच तडाख्यात गोळी लागून मेला. गोळी कुणाची? बेन्व्हेनुतो चेल्लिनी हा सोनार-शिल्पकार आपल्या आत्मचरित्रात सांगतो, ‘माझी!’ चेल्लिनीचं आत्मचरित्र वाचलेल्यांना ठाऊक असतं की त्या काळात इटलीत जे काही महत्त्वाचं घडलं त्यात बहुधा त्याचाच हात होता.

तर पोपच्या शहराची राखरांगोळी करणाऱ्या सैन्याचा हा म्होरक्या. त्याच्याशी नातं सांगणाऱ्या घराण्यातल्या सुनेनं साडेतीनशे वर्षांनी भोपाळात पोपच्या पंथाचं देऊळ उभारलं. हिशेब चुकता, असं म्हणायला हरकत नाही.

जुलियाना तरी किती?

कथेत जाँ फिलीपची बायको जुलियाना नावाची पोर्तुगीज बाई आहे. ती जनानखान्यात वैद्यकी करायची, आणि अकबराच्या एका ख्रिस्ती राणीची बहीण होती, असंही सांगतात. इथे गोंधळ आहे. अकबराच्या काळात खरोखरच एक जुलियाना होती, पण ती आर्मेनियन, सिकंदर नावाच्या आर्मेनियन व्यापाऱ्याची बायको. तिचा मुलगा मिर्झा झुल्करनैन पुढे मुघलांचा बडा अधिकारी झाला आणि सांभरच्या मिठाचा कारभार पाहू लागला. शंभर वर्षांनी आणखी एक जुलियाना आली, जुलियाना दियास द कोस्ता. ती बहादूरशाह पहिला याच्या दरबारातलं मोठं प्रस्थ. दिल्लीत ओखल्याजवळ ‘सराय जुलेना’ नावाची वस्ती आजही आहे, ती हिच्या नावाची. आता तीनशे वर्षं तोंडोतोंडी फिरणाऱ्या घराण्याच्या गोष्टीत दोन-तीन जुलियानांची एक झाली असेल, तर नवल ते काय.

नळराजाच्या गावातून गच्छंती

दिल्लीचं बस्तान विसकटल्यावर बोर्बन मंडळी ग्वाल्हेरजवळच्या नरवर भागात, शेरगढच्या आपल्या जहागिरीवर आली. नरवर म्हणजे परंपरेनं नळराजाचं गाव. नळ-दमयंतीतला नळ तोच. इथे नळासारखंच यांचंही राज्य गेलं, फक्त फाशांनी नव्हे, तलवारीनं. १७७८ साली नरवरच्या राजानं शेरगढवर हल्ला केला आणि घराण्यातल्या बहुतेकांची कत्तल उडवली, असं घराण्याचा इतिहास सांगतो. थोडे वाचले ते ग्वाल्हेरकडे पळाले आणि तिथून काही वर्षांत भोपाळला पोचले.

भोपाळात त्यांना दोन-दोन नावं होती, हे मला या सगळ्यात फार आवडतं. बाप्तिस्म्याच्या नोंदीत सॅल्व्हडोर, दरबारात इनायत मसीह. घरी बाल्थझर, बाहेर शहजाद मसीह, म्हणजे ख्रिस्ती शहजादा. त्याचा मुलगा सेबास्टियन, तो मेहरबान मसीह. पेहराव मुघली, बोली उर्दू, उपासना लॅटिनमधली. फ्रेंच कुणाला येत होतं, विचारू नका.

वेढा घालणारे आपलेच

१८१२-१३चा भोपाळचा वेढा मराठी वाचकाला जरा अडचणीत टाकणारा. वेढा घालणारे होते दौलतराव शिंदे आणि नागपूरचे दुसरे रघूजी भोसले. ग्वाल्हेर आणि नागपूर एकत्र येऊन भोपाळवर चालून गेले. आत वजीर मोहम्मद खान, मूठभर शिबंदी, रिकामी होत चाललेली कोठारं, आणि तटावर लढणाऱ्यांत हे बोर्बन. महिनोन् महिने शहर पडलं नाही. तटावरून बायकांनीही दगडधोंड्यांचा मारा केला, असं भोपाळात अजून अभिमानानं सांगतात.

वेढा उठला कसा, याची गोष्ट तर भलतीच गमतीची. नागपूरकरांचा सेनापती होता सादिक अली. त्याला म्हणे स्वप्नात दृष्टान्त झाला की हे शहर घेऊ नकोस. त्यानं तळ हलवला. दाणागोटा संपत आला होता, दोन फौजांचं आपसात पटत नव्हतं, पावसाळा तोंडावर, अशा वेळी सेनापतीला स्वप्नं पडतात. निदान घरी सांगायला तरी बरी पडतात.

१८१८: दोन बोर्बन, दोन शहरं

१८१८ म्हटलं की आपल्याला पेशवाई बुडाल्याचंच आठवतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत भोपाळच्या नवाबानं, नजर मोहम्मद खानानं, इंग्रजांशी तह केला. कंपनीकडून कॅप्टन जोसाया स्ट्युअर्ट, आणि भोपाळच्या बाजूनं तह ठरवणाऱ्यांत करम मोहम्मद बक्षी आणि शहजाद मसीह. म्हणजे आपला बाल्थझर बोर्बन.

आता पॅरिसकडे बघा. १८१८ला तिथल्या गादीवर कोण? अठरावा लुई. तोही बोर्बनच. नेपोलियनला हरवून दोस्तांच्या फौजांनी त्याला परत आणून बसवला होता, आणि त्या दोस्तांत इंग्रज पुढे. एकाच साली सीन नदीकाठचा बोर्बन इंग्रजांच्या कृपेनं राजा होता आणि बेतवेच्या मुलखातला बोर्बन इंग्रजांशी तहाची कलमं घासत होता. दोघांना एकमेकांचा पत्ताही नसणार. टिकलं कुणाचं? पॅरिसचं आसन १८३०च्या जुलैत कायमचं उलटलं. भोपाळकर तहाच्या आधारानं ब्रिटिशांच्या छत्राखाली १९४७पर्यंत आणि संस्थान म्हणून १९४९पर्यंत राहिले.

या बाल्थझरला जॉन माल्कम ओळखत होता. १८२३ला छापलेल्या माल्कमच्या मध्य हिंदुस्थानावरच्या ग्रंथात त्याचा उल्लेख आहे. पुढे १८८७ला कर्नल किंकेड नावाच्या साहेबानं ‘हिंदी बोर्बनां’वर इंग्रजी नियतकालिकात लेखच लिहिला. घराण्याची कथा जगभर पसरली ती मुख्यतः तिथून.

आठ वर्षांचा मेव्हणा आणि भरलेलं पिस्तूल

इथे जरा थांबू, कारण पुढचं सगळं भोपाळ या एका प्रसंगावर उभं आहे.

नोव्हेंबर १८१९. तह करून पावणेदोन वर्षं झालेली. नवाब नजर मोहम्मद तरुण, राज्य नुकतं मार्गी लागलेलं. घरच्या मंडळींत बसलेला असताना त्याचा छोटा मेव्हणा फौजदार, वय सुमारे आठ, त्याच्या पिस्तुलाशी खेळायला लागला. पिस्तूल भरलेलं होतं. गोळी सुटली आणि नवाब जागच्या जागी गेला. खून की अपघात, याची चौकशी इंग्रजांनीही केली आणि अपघात असंच ठरलं.

मागे राहिली कुदसिया बेगम, वीस वर्षांचीही नसेल, आणि सव्वा वर्षाची मुलगी सिकंदर. भाऊबंद गादीवर डोळा लावून बसलेलेच. कुदसियानं पडदा टाकला, दरबारात उभी राहिली आणि जाहीर केलं की राज्य माझ्या मुलीचं, ती मोठी होईपर्यंत कारभार मी पाहणार. तिच्या पाठीशी जी मोजकी माणसं ठाम राहिली त्यांत राजा खुशवक्त राय होता आणि शहजाद मसीह होता. मुसलमान विधवा, हिंदू मंत्री आणि ख्रिस्ती सेनानी. भाषणात सर्वधर्मसमभाव सांगणं सोपं असतं. इथे जीव पणाला लागलेला होता आणि तिघांनाही एकमेकांवाचून दुसरं कुणी नव्हतं. तिथून भोपाळवर बायकांचं राज्य सुरू झालं ते, मधली काही वर्षं सोडली तर, १९२६पर्यंत: कुदसिया, सिकंदर, शाहजहान, सुलतान जहान.

बोर्बन घराण्याची भरभराट ही त्या दिवसाची कमाई. अडचणीत पाठीशी उभ्या राहिलेल्या माणसांना भोपाळच्या बेगमा विसरल्या नाहीत.

म्हातारपणीही दुल्हन

बाल्थझर १८३०च्या आगेमागे गेला. त्याची बायको इझाबेला, काही ठिकाणी एलिझाबेथ असंही नाव येतं. भोपाळात मात्र तिला या दोन्ही नावांनी कुणी ओळखत नसे. ती ‘मादाम दुल्हन’, ‘दुल्हन सरकार’. नवी सून म्हणून आली तेव्हा पडलेलं नाव वैधव्यात, म्हातारपणी, जहागीर सांभाळताना, नातवंडांच्या काळातही तसंच राहिलं. आपल्याकडे ऐंशीच्या घरातल्या आजींना वाडा अजून ‘वहिनी’ म्हणतो, त्यातलाच प्रकार.

या दुल्हन सरकारला भेटलेला एक फ्रेंच माणूस आहे, लुई रूसले. हा हौशी प्रवासी १८६०च्या दशकात राजेरजवाड्यांचा हिंदुस्थान पाहत फिरत होता. बडोदा, उदयपूर, ग्वाल्हेर करत भोपाळला आला तो सिकंदर बेगमचा दरबार पाहायला. आणि इथे त्याला काय भेटावं, तर मुघली थाटात राहणारी, उर्दू बोलणारी, बोर्बन आडनावाची ख्रिस्ती राणीसाहेब, दरबारात वरच्या मानाची! रूसलेच्या मायदेशात तेव्हा बोर्बनांना हाकलून तीन तपं उलटली होती. त्यानं हे सगळं ‘लँद दे राजा’ या जाडजूड सचित्र ग्रंथात लिहून ठेवलं. तो १८७५ला पॅरिसमध्ये छापून आला. हे १८७५ साल लक्षात ठेवा, पुन्हा लागणार आहे.

नवऱ्याच्या नावाचा मोहल्ला

आता चर्च. ते उभं आहे जहांगीराबादेत, आणि जहांगीराबाद वसवलं जहांगीर मोहम्मद खानानं. हे महाशय सिकंदर बेगमचे पती. संसार कसा होता? तर १८३८ला त्यांनी गरोदर सिकंदरवर तलवार चालवली. ती वाचली, आईला घेऊन इस्लामनगरला जाऊन राहिली आणि नवरा भोपाळात एकटा राज्य करत बसला. तटाच्या बाहेर त्यानं आपली नवी वस्ती केली ती ही. १८४४ला तो गेला. मुलीच्या नावानं सिकंदर परतली आणि पुढे असं काही राज्य केलं की जहांगीरचं नाव त्या मोहल्ल्यापुरतंच उरलं.

याच वस्तीत मादाम दुल्हननं पुढाकार घेतला आणि १८७५च्या सुमारास चर्च उभं राहिलं. तेव्हा गादीवर शाहजहान बेगम. ताजुल मसाजिद नावाची आशियातल्या मोठ्या मशिदींत मोडणारी मशीद बांधायला घेणारी हीच. मशीद इतकी मोठी ठरली की पैसे संपले आणि ती पुरी व्हायला १९८५ उजाडलं. चर्च त्या मानानं आटोपशीर होतं, वेळेत झालं. अंथरूण पाहून पाय पसरण्याचा भोपाळी नमुना हवा असेल तर तो छोट्या तलावाच्या या बाजूला आहे.

फ्रान्समध्ये तेव्हा काय चाललं होतं? तिथे राजेशाही परत यायची वेळ अगदी दारात येऊन ठेपली होती. संसद अनुकूल, बोर्बन वारस काँत द शाँबोर तयार. १८७३च्या ऑक्टोबरात त्यानं अट घातली: तिरंगा नको, आमच्या घराण्याचा पांढरा झेंडाच हवा. झालं! झेंड्यापायी गादी गेली ती गेलीच. पॅरिसचे बोर्बन झेंड्यासाठी अडून बसले तेव्हा भोपाळचे बोर्बन विटा-चुन्याच्या हिशेबात गुंतले होते. व्यवहार कुणाला कळत होता, ते वेगळं सांगायला नको.

तीन फ्रान्सिस, गल्लत नको

मराठी कॅथलिकांतही इथे गडबड होते, म्हणून एकदाच सांगून टाकू. गोव्याला ज्यांचं शव आहे ते संत फ्रान्सिस झेवियर, सोळाव्या शतकातले जेझुइट. नागपूरचं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं ते संत फ्रान्सिस द सेल्स, लेखक-पत्रकारांचे पालक संत. त्या नात्यानं आमचेही. आणि भोपाळचे ते असिसीचे फ्रान्सिस, ११८२ ते १२२६, इटलीतले, पाखरांशी बोलणारे, श्रीमंत कापडव्यापाऱ्याचा मुलगा असून बापासमोर अंगावरचे कपडे काढून ठेवणारे. त्यांचा सण ४ ऑक्टोबरला.

गंमत म्हणजे बोर्बन ज्या नावार्‍याचं नाव लावतात, झेवियर मूळचे त्याच नावार्‍याचे. स्पेन-फ्रान्सच्या सीमेवरचं हे इवलंसं राज्य. त्यामुळे नावाचा फ्रान्सिस निवडायचाच होता तर झेवियर जास्त घरचे होते. पण उत्तर हिंदुस्थानात तेव्हा धर्मकार्य होतं आग्र्याच्या मिशनमधल्या कॅपुचिन पाद्र्यांकडे, आणि कॅपुचिन ही असिसीकर फ्रान्सिसचीच शाखा. पाद्री ज्यांचे, संत त्यांचे.

चहासोबत काय घेणार?

या कॅपुचिनांचा तपकिरी झगा आणि टोपडं युरोपात इतकं ओळखीचं होतं की दूध घातलेल्या कॉफीचा रंग पाहून लोकांनी तिलाही त्यांचं नाव दिलं. कॅपुचिनो ती हीच. आणि बोर्बन बिस्कीट? लंडनच्या पीक फ्रीन कंपनीनं ते १९१०ला ‘क्रिओला’ या नावानं काढलं आणि पुढे राजघराण्याचं नाव देऊन टाकलं. म्हणजे कॉफी शॉपमध्ये जाऊन तुम्ही कॅपुचिनो मागवलीत आणि वर बोर्बन घेतलंत, तर जहांगीराबादच्या चर्चचे दोन्ही खांब टेबलावर आले. भोपाळात अर्थात मीठ घातलेला सुलेमानी चहा मिळतो. त्यात बोर्बन बुडवून पाहायला माझी हरकत नाही, पण चवीची जबाबदारी ज्याची त्यानं घ्यावी.

जाता जाता: जुन्या शहरात चौकाच्या तोंडाशी शौकत महल आहे. गॉथिक कमानी, युरोपी नक्षी, भवताली सगळं इस्लामी वळणाचं बांधकाम. त्याचा आराखडा बोर्बन वंशातल्या फ्रेंच माणसाचा, असं पर्यटनाच्या माहितीपत्रकापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे सांगतात. खरंखोटं काही असो, पाहायला मात्र जरूर जा, पडझडीतही देखणा आहे.

फायलींच्या मागोमाग आर्चबिशप

१९५६ला सचिवालय नागपूरहून भोपाळला आलं, हे वर सांगितलंच. सात वर्षांनी, १३ सप्टेंबर १९६३ला, भोपाळचं आर्चडायोसीस स्थापन झालं आणि पहिले आर्चबिशप म्हणून कोण आलं? नागपूरचे आर्चबिशप युजीन डिसोझा. जन्मही नागपूरचाच, १९१७चा. बाबूंची बदली झाली तशीच धर्मगुरूंचीही. दुल्हन सरकारचं गावाबाहेरचं चर्च एकदम कॅथेड्रल झालं.

डिसोझा नुसते बदलीवर आलेले अधिकारी नव्हते. त्या वेळी रोममध्ये दुसरी व्हॅटिकन परिषद चालू होती. नेमणुकीनंतर दोनच महिन्यांत, नोव्हेंबर १९६३ला, भोपाळच्या या नव्या आर्चबिशपांनी भर सभेत रोमच्या केंद्रीय कारभारावर कडक टीका केली. जगभरच्या बिशपांना बारीकसारीक गोष्टींसाठी रोमच्या कचेऱ्यांचे उंबरठे का झिजवावे लागतात, अधिकार त्यांच्याकडे का नकोत, असा त्यांचा रोख. ते भाषण परिषदेच्या इतिहासात नोंदलं गेलं आहे. नागपुरी पाणी रोममध्येही लपलं नाही. १९९४पर्यंत, म्हणजे तीस वर्षं, त्यांनी भोपाळची धुरा वाहिली.

आणि ते जर्मन गाव

२००७ला लिओ कॉर्नेलियो आर्चबिशप झाले, २०२१ला ए. ए. एस. दुराईराज. दोघेही ‘दिव्य शब्द’ संघाचे, ज्याला एस.व्ही.डी. म्हणतात. हा संघ काढणारा आर्नोल्ड यान्सन जर्मनीतल्या गॉख या सीमेवरच्या लहानशा गावचा. त्याला परदेशी मिशन काढायचं होतं, पण बिस्मार्कनं कॅथलिकांची नाकेबंदी केलेली. मग तो मास नदीकाठी, हॉलंडच्या हद्दीतल्या श्टाइलला गेला, एक जुनी खाणावळ विकत घेतली आणि तिथे ८ सप्टेंबर रोजी काम सुरू केलं. साल? १८७५. तेच. पॅरिसात रूसलेचं पुस्तक, भोपाळात दुल्हनचं चर्च, श्टाइलला यान्सनची खाणावळ. एस.व्ही.डी.चे पाद्री इंदूरला १९३२ला पोचले आणि माळव्यात रुजले. यान्सनला २००३ला संतपद मिळालं. त्याच्या गॉखच्या मारिया माग्दालेना चर्चचा मनोरा मात्र १९९३ला अचानक कोसळला होता. जहांगीराबादचं बांधकाम अजून शाबूत आहे. जर्मन अभियांत्रिकीच्या नावानं बोटं मोडणाऱ्यांना एवढा मुद्दा आयताच.

खटला दाखल करायचा तर

२००७ला ग्रीसच्या प्रिन्स मायकेलनं फ्रेंचमध्ये ‘ल राजा बोर्बन’ नावाची कादंबरी लिहिली आणि जगभरचे पत्रकार भोपाळात उतरले. मायकेलचं म्हणणं असं: जाँ फिलीप जर खरोखर त्या कॉन्स्टेबल चार्ल्सचा औरस मुलगा असेल, तर भोपाळचं घराणं थोरल्या पातीचं. ज्या चौथ्या हेन्रीपासून फ्रान्सचे बोर्बन राजे सुरू झाले तो धाकट्या पातीचा. म्हणजे चौदावा लुई, गिलोटिनखाली गेलेला सोळावा लुई, आज स्पेनच्या गादीवर असलेला सहावा फेलिपे, सगळे धाकटी पाती! ‘जर’ मोठा आहे, हे खुद्द मायकेललाही मान्य होतं.

त्या वेळी घराण्याचे प्रमुख होते बाल्थझर नेपोलियन द बोर्बन. नावात बोर्बन आणि नेपोलियन शेजारी-शेजारी बसवायची हिंमत फक्त भोपाळातच होऊ शकते. घराच्या दारावर ‘हाउस ऑफ बोर्बन’ अशी पाटी आणि लिलीचं राजचिन्ह, चर्चपासून फार लांब नाही. धंदा वकिलीचा, जोडीला शेती आणि घरची मुलांची शाळा. फ्रान्सच्या गादीवर दावा ठोकायचा झाला तर वकील बाहेरून आणायची गरज नाही. अडचण एवढीच की तिकडे १८७०पासून गादीच नाही.